भिंगाचा दिवा कोणाचा

दिवाळी होऊन आठवडा उलटला की आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत उजेडाची टंचाई सुरू होते. साडेचारपर्यंत ठीक असतं. मग सूर्य पेरूच्या झाडाआड जातो आणि खिडकीतला उजेड एकदम निघून जातो, निरोपबिरोप काही नाही. बाहेर तिवऱ्याची भाजी विकणारी ओरडत असते, समोरच्यांच्या गच्चीवर कोहळ्याच्या वड्या वाळत असतात, आणि मी गळाला दोरा गुंडाळता गुंडाळता थांबते. गळ काळा, दोरा काळा, वरून हा काळोख. यंदाही ती वेळ आली आणि मला गेल्या हिवाळ्याचा राग जसाच्या तसा परत आला. दिवाणातून स्वेटरं काढली, तसा तोही काढला. त्याला डांबरगोळ्यांचा वाससुद्धा लागला नव्हता.

मी माश्या बांधते. हे वाक्य भिलाईत ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणून नीट सांगते. परदेशात थंड पाण्याच्या नद्या असतात आणि तिकडचे लोक हौसेनं मासे धरतात. गळाला गांडूळ लावत नाहीत. बारीकशा गळावर दोरा, तांब्याची तार, कोंबड्याच्या मानेचं पीस असं गुंडाळून खोटी माशी करतात आणि ती पाण्यावर सोडतात. माशाला वाटतं खरी माशी पडली. त्या खोट्या माश्या हातानं बांधाव्या लागतात, यंत्रानं होत नाहीत. आमच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर एक बंगाली बाई राहते, सगळा सेक्टर तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणतो. तिचा भाऊ कलकत्त्याहून हा माल बाहेर पाठवतो. बौदीनं सात-आठ जणींना शिकवलं, त्यातली मी एक. तिकडे वसंतात मासेमारी सुरू होते, म्हणून इकडे आमची घाई हिवाळ्यात. ज्या माशासाठी मी इतकी वर्षं डोळे फोडते आहे, तो मासा मी जन्मात पाहिलेला नाही.

मोठ्या गळाच्या माश्या कोणीही बांधेल. लालपिवळी पिसं, जाड दोरा, होळीतल्या सोंगासारखं रूप. खरी परीक्षा बारीक नंबरची. तो गळ तांदळाच्या कणीएवढा असतो. त्यावर तारेचे वेढे, सगळे सारख्या अंतरावर. मग मानेशी पिसाचे दोन वेढे, पुढे दोऱ्याची गाठ, गाठीवर रोगणाचा एक ठिपका, आणि तो ठिपका गळाच्या नेढ्यात उतरता कामा नये. नेढं बुजलं की माशी फुकट. बौदी बारीक नंबर फक्त दोघी-तिघींना द्यायची आणि त्यात मी होते. मला कधी कोणी सोन्याच्या बांगड्या केल्या नाहीत, त्याचं मला काही वाटलं नाही. बारीक नंबर माझ्याकडे असणं, हे माझं होतं.

पन्नाशी ओलांडली आणि जवळचं दिसेना. काही दुखलं नाही, खुपलं नाही. एक दिवस दोऱ्याचे वेढे मोजता येईनात, एवढंच. माझी मुलगी रेवती पुण्यात नोकरी करते. तिला फोनवर सहज बोलले, तर पोरीनं महिन्याभरात एक खोका पाठवला. "आई, हा तुझ्यासाठी आहे. मोबाइल रिपेअरिंगवाले वापरतात ना, बिलकुल वैसा ही. नाही म्हणू नको, पैकिंग खोल और यूज कर." खोक्यात एक दिवा निघाला. टेबलाच्या कडेला स्क्रूनं घट्ट बसणारा, हवा तसा वाकणारा लांब हात, आणि टोकाला बशीएवढं गोल भिंग. भिंगाच्या भोवती पांढऱ्या उजेडाची कडी.

त्या उजेडाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमच्या ट्यूबलाइटचा उजेड पाठीमागून येतो आणि मी वाकले की माझ्याच डोक्याची सावली गळावर पडते. बल्ब डावीकडे ठेवला तर उजव्या हाताची बोटं उजेड खातात. मी स्टीलचं ताट उभं करून त्याचा उजेड वळवला आहे, मोबाइलची टॉर्च पेल्यात उभी करून पाहिली आहे. ह्या दिव्याचा उजेड चारही बाजूंनी यायचा. सावलीच पडत नव्हती. मी माझ्या शिकंज्यात, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या टेबलावरच्या छोट्या पकडीत, एक गळ लावला, मागे फिक्कट हिरव्या कागदाचा तुकडा उभा केला, कारण पांढऱ्यानं डोळे दिपतात, आणि भिंगातून पाहिलं. दोऱ्याचा पीळ दिसला. इतकी वर्षं बोटांना जे कळत होतं, ते त्या दिवशी डोळ्यांना कळलं. मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ते सुख दीड दिवस टिकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवतीचे बाबा आले, उभ्यानंच भिंगातून माझा अंगठा पाहिला आणि म्हणाले, "हे तं जबरदस्त हाय. पेपर वाचाले कसं होईन?" रेवतीचे बाबा म्हणजे आमचे हे, स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. मला वाटलं, पाहतील आणि ठेवतील. संध्याकाळी भाजी आणून पाहते तर दिवा बैठकीत, खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीच्या बाजूच्या टेबलाला लागलेला.

"अवो, माझं काम राहिलं ना तिकडे."

"हे पाय, क्रिकेटचा स्कोर कसा मोठा दिसून राहिला. तुले कायले पायजे आता? तुह्या माशा काय उडून चालल्या?"

माझ्या माश्या उडत नाहीत, हे खरं. पण उजेड उडाला होता.

मग तो दिवा बैठकीचाच झाला. बैठकीत काही गेलं की ते परत येत नाही. आमची पहिली खुर्ची, पहिला पंखा, पहिला फोन, सगळे बैठकीत गेले आणि तिथंच म्हातारे झाले. वर आणखी माझी मोठी नणंद, मालूताई, बोरसीहून आल्या. त्यांच्या घरी रंगकाम निघालं होतं, म्हणून महिनाभर राहायला; तो महिना पुढे पावसाळा संपेपर्यंत लांबला. त्यांनी येताच दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुमन, याले कव्हर नाही शिवलं?"

आमच्या घराण्यात कोणतीही वस्तू आली की आधी तिचं कव्हर होतं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या डोक्यावर झालर, रिमोटला प्लास्टिकची पन्नी. चांगली वस्तू वापरली की खराब होते आणि खराब झाली की चांगली राहत नाही, असा एकूण हिशेब आहे. मालूताईंनी चार दिवसांत क्रोशाचं गुलाबी कव्हर विणलं, त्याला मोत्यांची कड लावली. सकाळी ह्यांचा पेपर वाचून झाला की दिव्यावर कव्हर पडायचं. "प्लांटची धूळ काय कमी हाय काय, काच खराब होऊन जाईन." म्हणजे दिवा अर्धा दिवस पेपर वाचायचा आणि उरलेला दिवस टोपी घालून बसायचा. मी मागच्या खोलीत, ट्यूबखाली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर त्याची आरती ओवाळायचीच बाकी होती. सेक्टरातल्या बायका आल्या, कव्हर काढलं, बटण दाबलं. एकीनं अंगठीतला खडा पाहिला, दुसरीनं हातावरच्या रेषा, तिसरीनं वाणातल्या डबीवरची बारीक अक्षरं. "कित्ती छान, कुठून घेतलं?" मालूताई सांगत होत्या, "भाचीनं पाठवलं पुण्याहून, घरासाठी." घरासाठी. मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते. माझ्या बोटांना रोगण लागून कातडी निघाली होती, तीही कोणी त्या भिंगाखाली पाहिली असती तर चाललं असतं.

मला माझी आई आठवते अशा वेळी. माझं बालपण नंदिनी नगरला गेलं, वडील चुन्याच्या दगडाच्या खाणीत होते. तिथला दिवस पांढरा असायचा. रस्ता पांढरा, कडुनिंबाची पानं पांढरी, वडील घरी यायचे ते भुवयांपर्यंत पांढरे. उजेडाला तिथं तोटा नव्हता, पण तो दारापर्यंतच. संध्याकाळी बैठकीत शंभरचा बल्ब लागायचा आणि स्वयंपाकघरात चाळीसचा. वडील शंभरच्या खाली बसून पाय चेपून घ्यायचे, आम्ही पोरं तिथंच अभ्यास करायचो. आई चाळीसच्या खाली तांदूळ निवडायची, आणि एखादा खडा दाताखाली आला की सगळे तिच्याकडे पाहायचे. तिला कोणी विचारलं नाही की तुला दिसतं का. मलाही तेव्हा सुचलं नाही, मी लहान होते. पण ज्या मोठ्यांना सुचायला हवं होतं त्यांचा राग मला आता येतो. शंभरचा बल्ब काही महाग नव्हता हो. तो दुकानात चाळीसच्या शेजारीच मिळत होता.

संक्रांतीनंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. सकाळचं कोवळं ऊन खिडकीतून थेट आत येत होतं. रेवतीच्या बाबांनी कव्हर काढलं, पेपर वाचला आणि तिथंच डोळा लागला. भिंग तसंच उघडं, उन्हाच्या तोंडाशी. मी स्वयंपाकघरात फोडणी देत होते. मला जळका वास आला. आधी वाटलं, माझीच मोहरी. मग लक्षात आलं, मोहरीला लोकरीचा वास येत नाही. धावत गेले तर पेपराला भोक पडून त्याची कड काळी होत होती आणि खाली स्वेटरच्या बाहीतून धुराची एक बारीक रेघ निघत होती. मी पाण्याचा तांब्या ओतला. हे दचकून उठले, पाहिलं, बाही झटकली. हाताला काही झालं नव्हतं, देवाची कृपा. स्वेटर मीच विणलेलं होतं.

आणि त्यांचं पहिलं वाक्य काय असावं?

"तुह्या ह्या लॅम्पनं घराले आग लावली असती आज."

तुह्या. दोन महिने तो दिवा घरचा होता. पेपराचा होता, हळदीकुंकवाचा होता. जळाल्याबरोबर माझा झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "माझा होता तर माझ्या टेबलावर काहून नव्हता?" त्यावर मालूताई आतून म्हणाल्या, "म्हून म्या म्हणत होती, कव्हर टाकत जा." आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर ह्याचा की त्यांचं बरोबर होतं. भिंग उन्हात उघडं ठेवू नये, ठेवलं तर झाकावं. ते मोत्यांच्या कडेचं गुलाबी कव्हर त्या सकाळी दिव्यावर असतं तर काही जळलं नसतं.

दिव्याची रवानगी दिवाणात झाली, रजयांच्या खाली. दिवाणावर मालूताई झोपायच्या. त्यांचे गुडघे दुखत होते, त्या दुपारीही तिथंच, संध्याकाळीही तिथंच. मालूताई उठल्याशिवाय दिवाण उघडत नव्हता आणि मालूताई उठत नव्हत्या. एकदा त्या अंघोळीला गेल्या तेवढ्यात मी झाकण उचललं, तर हे दारात उभे. "पुन्हा आग लावाची हाय काय?" मी झाकण सोडलं. ते आपटलं, आणि मी ते आपटू दिलं.

बौदीचा बारीक नंबर माझ्याकडे पडून होता, फेब्रुवारीत माल जायचा होता. मी पोथी वाचायचं जुनं भिंग तांब्याच्या तारेनं मसाल्याच्या डब्याला बांधलं. ते खिडकीतल्या वाऱ्यानं डोलायचं. खिडकी लावावी तर ते माझ्या श्वासानं डोलायचं. शेवटी रेवतीचे बाबा म्हणाले, "चाल, तुले चष्मा करून देतो. लॅम्प-फॅम्प कायले पायजे?" ते आपणहून म्हणाले, हे मी मान्य करते. आणखीही एक मान्य करते. माझ्या शिकंज्याचा जबडा घसरायला लागला होता, बारीक गळ त्यात टिकेना, तेव्हा ह्याच माणसानं दोन दिवस बसून तो कानशीनं घासून दिला होता. केसाच्या अंतरानं घासून, पुन्हा लावून, पुन्हा पाहून. हे काम किती बारीक आहे, ते घरात माझ्याखालोखाल कोणाला ठाऊक असेल तर त्यांना. म्हणून पुढचं मला अजून पचलेलं नाही.

पावर हाउस नावाच्या भागातल्या मार्केटात, ऑटो उभ्या राहतात त्या गल्लीत चष्म्याचं दुकान आहे. मला खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली, एका डोळ्यावर झाकण टाकलं. चष्मेवाला काचा बदलता बदलता विचारू लागला. मला नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या ह्यांना.

"अंकल, आंटी का क्या काम रहता है? पढ़ना-लिखना?"

"नहीं नहीं. घर में ही रहती है."

"तो दाल-चावल बीनना, सुई में धागा डालना. बस इतना ही ना?"

"हौ, बस."

मी तिथंच होते. माझा एक डोळा झाकला होता, तोंड नव्हतं झाकलं. मी म्हटलं, "भैया, मैं मक्खी बांधती हूँ, मछली के गल की." तो म्हणाला, "हौ आंटी," आणि अक्षरांचा तक्ता उलटा केला. लहान पोराला 'हो हो' म्हणतात तसं. आणि मागे उभा असलेला माणूस, ज्यानं माझ्या शिकंज्याचा जबडा दोन दिवस घासला होता, तो दुकानातलं घड्याळ पाहत होता.

चष्मा झाला. सुंदर झाला. त्यातून ताटातली डाळ दिसायची, सुईचं नेढं दिसायचं, पेपरही दिसायचा. फक्त माझा गळ दिसत नव्हता. गळ असतो शिकंज्यात, डोळ्यांच्या समोर, मांडीपेक्षा वर आणि हातभरापेक्षा बराच अलीकडे. चष्मा त्याच्या पलीकडच्या जागेसाठी केला होता. जवळ गेलं की धूसर, मागे सरकलं की बोटं पोचत नाहीत. तो घरी राहणाऱ्या बाईचा चष्मा होता, आणि मी घरी राहूनही त्या जागेवर कधी नव्हते.

तरी मी माल बांधला. अंदाजानं बांधला, बोटांच्या भरवशावर. चार आठवड्यांनी बौदी स्वतः पुडा घेऊन आली. एरवी निरोप पाठवते. तिनं चहाही घेतला नाही आधी, पुडा उघडला आणि सुईच्या टोकानं एकेक माशी उलटवून दाखवू लागली. गाठी जाड. कितीतरी नेढी बुजलेली.

"सुमन दीदी, भाई ने वापस कर दिया. बोलता है माछ इसको मुँह नहीं लगाएगा."

"मला दिसत नाही बौदी, आजकाल."

"जानती हूँ ना. इसलिए तो बोलती हूँ, छोटा नंबर अब रहने दो. बड़ा वाला लो, लाल-पीला. आराम का काम है."

ती वाईट बोलली नाही. माझ्या हातावर हात ठेवून बोलली. म्हणून जास्त लागलं. तिकडच्या नदीतला कोणता तो मासा, त्यालासुद्धा पाण्यातून दिसत होतं की ह्या बाईला नीट दिसत नाही. आमच्या बैठकीत बसून कोणाला दिसलं नाही. बौदी गेल्यावर मालूताई म्हणाल्या, "बरं झालं माय, डोये तरी वाचतीन." मी उठून भांडी घासायला गेले आणि मुद्दाम आवाज करून घासली.

मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी लालपिवळ्या माश्या बांधल्या. दोरा जाड, पिसं मोठी, डोळे मिटूनही होईल असं काम. मी केलं, कारण हात रिकामे राहिले की माझं डोकं फिरतं. रोज बांधायची आणि रोज रागवायची. रेवती फोनवर विचारायची, "आई, लैंप चल रहा है ना? वापरून राहिली ना?" मी म्हणायची, "तुझ्या बाबांना विचार." बाबा म्हणायचे, "हव, मस्त हाय, ठेवला हाय जपून." त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्याकडे सगळं जपून ठेवलेलं असतं, फक्त ज्याच्यासाठी आणलं तो माणूस सोडून.

लोक म्हणतील, एवढ्याशा दिव्यासाठी एवढा संताप कशाला, बोलून मागून घ्यायचा. मागितला होता. मला हे कळत नाही की माझ्या नावानं आलेली वस्तू मला मागावी का लागावी. आणि घरी राहते म्हणजे काय हो? घर काही आपोआप राहत नाही. त्यातही मी जिथं राहते ते टेबल दोन फुटांचं आहे, त्यावर शिकंजा आहे, दोऱ्याच्या रिळी आहेत, पिसांच्या पुड्या आहेत, आणि तिथं बसून मी जे करते ते समुद्र ओलांडून जातं. प्लांटमध्ये आठ तास उभं राहिलं तर त्याला ड्यूटी म्हणतात. मी बसून करते, बाई आहे, आणि माझ्या टेबलापासून गॅस चार पावलांवर आहे, म्हणून ते घरी राहणं.

यंदा दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं. मालूताई बोरसीला आपल्या नव्या रंगाच्या घरात सुखात होत्या. मी दिवाण उघडला, रजया उचलल्या, दिवा बाहेर काढला. मागच्या खोलीची खिडकी उत्तरेकडे आहे, तिथं भिंगावर कधी ऊन येत नाही. त्या खिडकीशी टेबल सरकवलं आणि दिवा त्याला आवळून टाकला. रेवतीचे बाबा दारात येऊन उभे राहिले.

"ते तिथं काहून लावलं?"

"तिथंच राहील."

"मंग मी पेपर कसा वाचू?"

"खुर्ची आणा इकडे. बाजूला जेवढा उजेड सांडते तेवढा तुमचा."

आणि त्यांनी खरंच खुर्ची आणली. आता सकाळी ते माझ्या टेबलाच्या कडेला बसून पेपर वाचतात, मान वाकडी करून. मला त्यांची दया येत नाही. मान माझीही वाकडीच आहे.

पण दिवा आला म्हणून काम झालं असं नाही. डोळ्यांवर चष्मा दाल-चावलचाच. भिंग एक सांगतं, चष्मा दुसरं सांगतो, आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. तिकडे बौदीनं सांगून ठेवलं की येत्या आठवड्यात बारीक नंबर वाटणार, ज्यांना हवा त्यांनी एक माशी बांधून आणून दाखवावी. तिनं माझ्याकडे पाहून सांगितलं नाही. दुसऱ्या दोघींकडे पाहून सांगितलं. ते मी बरोबर पाहिलं, एवढं दिसतं मला.

काल मी ह्यांना म्हटलं, "चला, पावर हाउसले."

"कायले?"

"चष्मा करायला."

"पुन्हा? हाय ना एक."

"तो तुमच्या बायकोचा आहे. मला माझा पाहिजे."

त्यांनी स्वेटर घातलं. तेच, बाहीला ठिगळ असलेलं. मी शिकंजा टेबलावरून सोडवला आणि मालूताईंच्या गुलाबी कव्हरमध्ये घातला. मोत्यांची कड ओढली की त्याचं तोंड छान बंद होतं. कव्हर अखेर कशाच्या तरी कामी आलं.

दुकान तेच, चष्मेवाला तोच. मला खुर्चीवर बसवलं, जड फ्रेम चढवली. आणि त्यानं माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं.

"अंकल, आंटी का क्या काम रहता है?"

मी फ्रेमसकट उठले. कव्हर उघडलं, शिकंजा काढला आणि त्याच्या काचेच्या काउंटरच्या कडेला आवळला. तो "अरे, अरे, काँच टूट जाएगा" म्हणेपर्यंत गळ लावून झाला होता. मी माझी बसते तशी बसले, कोपरं टेकून. मग रेवतीचे बाबा पुढे आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात अजूनही सहा इंची स्टीलची पट्टी असते, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी. ती त्यांनी काढली आणि गळापासून माझ्या नाकापर्यंत दोनदा टेकवून मापलं, अंगठ्यानं खूण धरून, वाकून, मशीन शॉपमध्ये एखादा पार्ट मापावा तसं.

"पौने बारह," ते चष्मेवाल्याला म्हणाले. "इतने पे बनाओ."

"पर अंकल, काम क्या है इनका? वो बताओगे तब ना."

रेवतीच्या बाबांनी तोंड उघडलं. मी वाट पाहत होते, दातओठ खाऊन वाट पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गळाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. पट्टी खिशात घातली.

"उसको पूछो ना," ते म्हणाले. "बैठी है सामने."

आणि ते बाजूच्या स्टुलावर जाऊन बसले.

चष्मेवाल्यानं मला विचारलं. मग मी सांगितलं. काळा गळ, काळा दोरा, तारेचे वेढे, नेढं, रोगणाचा ठिपका, कोणत्या बाजूनं सावली पडते आणि कोणत्या भिंगाला कोणता चष्मा चालत नाही, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी घाई केली नाही.